सान्जोवेझे: कुठल्या गावापासून सुरुवात करावी? (सल्ला हवा आहे)

घाटवाट:
नमस्कार मंडळी. गेली सहा वर्षं म्युनिकमध्ये राहतो. सान्जोवेझे, म्हणजे त्या नावाच्या इटालियन द्राक्षाची लाल वाइन, पहिल्यांदा प्यायलो ती मात्र अकलूजची. फ्रातेल्ली वाइनरीची 'सेत्ते', सान्जोवेझे आणि कॅबर्ने सोव्हिन्यों यांचं मिश्रण. त्यातली आंबट-तुरट चव मला थेट करवंदांकडे घेऊन गेली आणि तेव्हापासून हे द्राक्ष डोक्यातून जात नाही.

आता आम्ही तीन जोडप्यांनी ठरवलंय: महिन्यातून एक शनिवार, दर वेळी दोन बाटल्या, असे तीन शनिवार. एकच द्राक्ष प्रांत बदलला की कसं बदलतं ते नीट समजून घ्यायचंय. बाटलीमागे १५ ते ३५ युरो खर्च करू. कुठल्या बाटल्या, आणि कुठल्या क्रमाने?

एक गोंधळ आधीच झालाय. दुकानात 'मोन्तेपुल्चानोची सान्जोवेझे' मागितली, तर जी मिळाली ती चवीला अगदी वेगळी निघाली. गडद, जाड, आंबटपणा कमी. असं का?

तांबडफुटी:
तुमच्या हातात 'मोन्तेपुल्चानो द'आब्रुत्सो' पडली असणार. तिथे मोन्तेपुल्चानो हे द्राक्षाचं नाव आहे, आणि त्या द्राक्षाचा सान्जोवेझेशी संबंध नाही. तुम्हाला हवी होती ती 'विनो नोबिले दि मोन्तेपुल्चानो'. इथे मोन्तेपुल्चानो हे इटलीच्या तोस्काना (टस्कनी) प्रांतातलं डोंगरावरचं गाव. या वाइनमध्ये सान्जोवेझे किमान ७० टक्के लागते, फक्त तिथले लोक तिला 'प्रुन्योलो जेन्तीले' म्हणतात. लेबलावर 'नोबिले' शब्द आहे ना, तेवढं बघून घ्या.

केतकी:
घाटवाट, तुमचा बेत फार आवडला, म्हणून सविस्तर लिहिते.

पहिला सल्ला: महागडी बाटली आत्ता घेऊ नका. प्रांत समजून घ्यायचा असेल तर प्रत्येक ठिकाणची साधी, रोजची वाइन घ्या. महाग बाटल्यांत बऱ्याचदा नव्या ओक पिंपांचा व्हॅनिलासारखा वास पुढे येतो आणि माती मागे पडते. दुसरा सल्ला: दोन्ही बाटल्या एकाच वर्षाच्या असाव्यात. नाहीतर फरक गावाचा की पावसापाण्याचा, हे कळणारच नाही.

पहिला शनिवार कियान्ती क्लासिकोलाच द्या. फ्लोरेन्स आणि सिएना यांच्या मधला हा डोंगराळ पट्टा. १७१६ साली तोस्कानाचा तेव्हाचा शासक तिसरा कोझिमो द मेदिची याने फर्मान काढून याची हद्द आखून दिली होती. बाटलीच्या मानेवर काळा कोंबडा असतो. एवढ्याशा पट्ट्यातही गावागणिक चव बदलते, म्हणून दोन्ही बाटल्या इथल्याच घ्या: एक उत्तरेकडच्या उंचावरच्या राद्दाची, दुसरी दक्षिणेकडच्या, जास्त उबदार कास्तेलनुओवो बेरार्देन्गाची. उत्पादक म्हणाल तर राद्दासाठी वोल्पाया आणि बेरार्देन्गासाठी फेल्सिना ही माझी निवड. राद्दाची वाइन सडसडीत: रंग कोकम सरबतासारखा आरपार, आंबटपणा टोकदार, बिनदुधाच्या चहाची तुरटी. बेरार्देन्गाची अंगाने भरलेली, पिकलेल्या फळाची, जिभेवर जास्त वेळ रेंगाळणारी. अर्ध्या तासाने पेले अदलाबदल करा आणि पुन्हा चाखा. माझ्यासाठी सान्जोवेझेचं दार तिथे उघडलं.

दुकानात गाव कसं ओळखायचं? २०२१ मध्ये या पट्ट्याचे अधिकृत ११ विभाग ठरले, पण त्यांची नावं लेबलावर छापायची मुभा मिळाली ती फक्त 'ग्रान सेलेत्सिओने' या वरच्या, महाग वर्गाला. साध्या बाटलीवर मागच्या बाजूला बारीक अक्षरात बाटली कुठे भरली ते लिहिलेलं असतं. ते वाचा.

मधलीआळी:
केतकीताईंशी बाकी सगळं जुळतं, पण सुरुवातीबद्दल माझं मत वेगळं आहे. कियान्ती क्लासिकोत २० टक्क्यांपर्यंत दुसरी लाल द्राक्षं चालतात. कुणी कानायोलो घालतं, कुणी मेर्लो. निखळ सान्जोवेझे कशी लागते हे ज्याला ठाऊक नाही, त्याला मिश्रणातला फरक कसा कळणार? म्हणून आधी तोस्कानातलंच मोन्ताल्चिनो गाव. तिथली प्रसिद्ध वाइन ब्रुनेल्लो नियमानेच १०० टक्के सान्जोवेझे. ती तुमच्या खर्चात बसणार नाही, आणि सुगीनंतर पाचव्या वर्षी १ जानेवारीपर्यंत बाजारात येतच नाही, त्यामुळे एकाच वर्षाची तुलनाही अवघड. पण तिची धाकटी बहीण 'रोस्सो दि मोन्ताल्चिनो' पुढच्याच वर्षी १ सप्टेंबरपासून विकता येते, आणि तीही १०० टक्के सान्जोवेझे. इल पोज्जोनेची रोस्सो घ्या. त्यांचे मळे दक्षिणेला सान्तान्जेलोच्या बाजूचे, उन्हाचे.

केतकी:
मधलीआळी, हे पटलं. तसं असेल तर पहिल्या संध्याकाळी रोस्सो आणि राद्दा शेजारी ठेवा, बेरार्देन्गा दुसऱ्या शनिवारी विनो नोबिलेसोबत. नोबिलेसाठी बोस्कारेल्ली बघा.

मिश्रणाचा विषय निघालाच आहे तर एक सांगते. १९६७ च्या कियान्तीच्या नियमात पांढरी द्राक्षं घालणं सक्तीचं होतं, किमान १० टक्के. वाइन पातळ व्हायची. राद्दातल्या मोन्तेव्हेर्तीने या वाइनरीने १९७७ मध्ये 'ले पेर्गोले तोर्ते' ही निव्वळ सान्जोवेझेची वाइन केली आणि पुढे कियान्ती क्लासिको हे नावच सोडून दिलं. आज निव्वळ सान्जोवेझेला क्लासिकोत पूर्ण मान आहे आणि २००६ च्या सुगीपासून तिथे पांढऱ्या द्राक्षांना बंदी आहे. त्या माणसांनी नावावर पाणी सोडलं, पण द्राक्षाला धरून राहिले. मला याबद्दल मनापासून आदर वाटतो.

पारिजात:
सगळे तोस्कानातच अडकलात! सान्जोवेझे आपेनिन डोंगररांग ओलांडून पलीकडच्या रोमान्या प्रांतातही पिकते. मी चार वर्षं बोलोन्यात होते. तिथे ती रोजच्या जेवणाची वाइन. लेबलावर 'रोमान्या सान्जोवेझे' आणि शेजारी विभागाचं नाव असेल तर उत्तम: प्रेदाप्पियो, मोदिल्याना, ब्रिसिगेल्ला, बेर्तिनोरो. मोदिल्यानाची उंचावरची, वाळवट जमिनीतली वाइन इतकी नाजूक असते की डोळे मिटून प्यायलात तर राद्दाचीच वाटेल. शिवाय १५ युरोच्या आसपास चांगली बाटली मिळते.

तिसऱ्या शनिवारी रोमान्या आणि रूफिना. रूफिना म्हणजे फ्लोरेन्सच्या ईशान्येचा थंड कोपरा. तिथली सेल्वापियाना घ्या. मोरेल्लीनो दि स्कान्सानो ही तोस्कानातलीच आणखी एक सान्जोवेझे मी या यादीत घेतली नसती. समुद्राकडची, मऊ, पहिल्या घोटाला आवडणारी आहे, पण तुम्ही शोधताय तो बारकावा तिथे कमी.

घाटवाट:
किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी! क्रम ठरला. जेवायला काय ठेवू? मित्राचा आग्रह तांबड्या रश्श्याचा आहे.

मधलीआळी:
तांबडा रस्सा त्या दिवशी नको. टॅनिनची (द्राक्षाच्या साली-बियांतून येणाऱ्या तुरट द्रव्याची) तुरटी आणि मिरचीचा जाळ एकमेकांना भडकवतात, वाइन कडू लागते. सान्जोवेझेला आंबट आणि खारट आवडतं. टोमॅटोचा साधा सॉस घातलेला पास्ता, पेकोरीनो चीज, भाजलेलं मटण मीठ-मिरपूड लावून. मराठीच हवं असेल तर टोमॅटोचं सार, तिखट बेताचं, किंवा आमसूल घातलेली मुगाची उसळ. सार तर अप्रतिम जातं, कारण फिकी वाइन आंबट पदार्थापुढे पाणी वाटते आणि ही वाटत नाही.

तांबडफुटी:
बाटल्या १६ ते १८ अंशांवर ठेवा. घर तापवलेलं असेल तर आधी वीस मिनिटं फ्रिजमध्ये. आणि पुढच्या भारतवारीत अकलूजची 'सेत्ते' बरोबर आणा. ती वाइन घडवणारे पियेरो मासी मूळचे तोस्कानाचेच. तिकडे सुगी सप्टेंबर-ऑक्टोबरात, आपल्याकडे द्राक्षं उतरतात ती हिवाळ्याच्या शेवटी. सान्जोवेझे उशिरा पिकणारं द्राक्ष, सोलापूरच्या उन्हात त्याचं काय होतं ते राद्दाच्या शेजारी ठेवून बघण्यासारखं आहे.

घाटवाट:
डिसेंबरात पुण्याला येतोय. दोन 'सेत्ते' आणतो, चौथा शनिवार तिचा. पहिल्या शनिवारी वोल्पाया आणि इल पोज्जोने, दोन्ही २०२१ च्या. रविवारी इथेच लिहितो.