साउथगेट यांचे मोजमाप
‘चार स्पर्धा, चषक एकही नाही’ एवढ्याच हिशेबावर इंग्लंडच्या फुटबॉल संघाचे माजी प्रशिक्षक गॅरेथ साउथगेट यांना नापास करणे मला पटत नाही. १९६६ नंतर मोठ्या स्पर्धेच्या अंतिम फेरीचे तोंडही न पाहिलेला इंग्लंडचा संघ त्यांच्या हाताखाली २०१८च्या विश्वचषकात उपांत्य फेरीत आणि पुढे लागोपाठ दोन युरो (युरोपीय अजिंक्यपद) स्पर्धांच्या अंतिम सामन्यात पोहोचला. ठपका ठेवायचाच, तर तो आघाडी राखताना कच खाल्ल्याचा ठेवावा: त्या उपांत्य सामन्यात क्रोएशियाविरुद्ध पाचव्या, तर पहिल्या युरो अंतिम सामन्यात इटलीविरुद्ध दुसऱ्याच मिनिटाला गोल होऊनही संघ मागे मागे सरकत गेला आणि मधल्या फळीचा ताबा गमावून बसला. वेम्बलीतील त्या अंतिम सामन्यात तर रॅशफर्ड आणि सँचो या खेळाडूंना अतिरिक्त वेळ सरता सरता, जवळजवळ केवळ पेनल्टीसाठीच उतरवले गेले. दोघांचेही फटके वाया गेले.