ओढ्यावरच्या छोट्या जलविद्युत संचाला परवाना लागतो का?

बोरिवलीकर: सह्याद्रीच्या पायथ्याशी वडिलोपार्जित जमीन आहे. ओढ्याचा प्रवाह पावसाळ्यात सेकंदाला ८० लिटर, उतार २५ मीटर. वीज स्वतः वापरायची, उरलेली शेजारच्या दोन घरांना द्यायची. परवाना लागेल?

पाणचक्की: निर्मितीसाठी नाही. विद्युत कायदा २००३, कलम ७: ग्रिडजोडणीचे (सार्वजनिक वीजजाळ्याला जोडण्याचे) तांत्रिक निकष पाळले की परवान्याविना केंद्र उभारता येते. खरी अडचण त्या दोन घरांची आहे. दुसऱ्याला वीज पुरवणे म्हणजे वितरण, आणि त्याला कलम १२ नुसार परवाना लागतो. राज्याने अधिसूचित केलेल्या ग्रामीण भागात कलम १४ सूट देते, पण सुरक्षेचे नियम पाळावेच लागतात. तुमचे गाव त्या अधिसूचनेत आहे का, हे आधी बघा.

दादरकर: परवाना नाही म्हणजे परवानगी नाही, असे कृपया समजू नका! ओढ्याच्या पाण्यासाठी जलसंपदा विभागाकडे जावे लागते. पाइप वनजमिनीतून जात असेल तर वनमंजुरीही हवी. २५ मेगावॅटखालच्या प्रकल्पाला पर्यावरण मंजुरीतून मिळणारी सूट तिथे उपयोगी नाही.

पाणचक्की: हिशेबही करा. गुरुत्वाचे ९.८१ × प्रवाह ०.०८ घनमीटर (८० लिटर) × उंची २५ मीटर = १९.६ किलोवॅट; कार्यक्षमता ६५ टक्के धरली तर हाती साधारण १२.७. पाइप अरुंद घेतला तर उंचीमुळे मिळणारा दाब घर्षणातच वाया जातो. पहिल्या पावसात पालापाचोळ्याने पाइपच्या तोंडाची जाळी तुंबते, म्हणून ती तिरकी बसवा. भार (वीजवापर) अचानक सुटला की टर्बाइन बेफाम फिरते. तो वेग आवरणाऱ्या लोड कंट्रोलरवर पैसे वाचवू नका. आणि प्रवाह एप्रिलमध्येही मोजा.