अप्पर कॅनडा: नेमणूक आणि नागरिकत्व

वर एका सदस्याने लिहिलंय की वसाहतींमध्ये सरकारी नेमणुका आणि नागरिकत्वाचा कायदा यांचा फारसा संबंध नव्हता. मला हे पटत नाही. अप्पर कॅनडा ही ब्रिटिश वसाहत (आजचं दक्षिण ऑन्टारियो) पाहा.

१७८३ मध्ये ब्रिटनने अमेरिकेचं स्वातंत्र्य मान्य केलं; त्यानंतर अमेरिकेतून हजारो शेतकरी तिथे आले. सरकारने त्यांना जमिनी दिल्या, शपथा घ्यायला लावल्या, काहींना पदंही दिली. मग १८२४ मध्ये इंग्लंडच्या न्यायालयाने ठरवलं की १७८३ नंतर अमेरिकेत राहिलेले लोक ब्रिटिश प्रजा नाहीत. परक्याला जमिनीचा मालक होता येत नसे, मतही देता येत नसे. वर्षानुवर्षं कसलेल्या शेतावरचा हक्कच डळमळला! या लोकांना प्रजेचे हक्क देण्यासाठी आणलेल्या १८२७ च्या विधेयकात नाव नोंदवून अमेरिकेची निष्ठा सोडण्याची अट होती. लोकांनी अर्जावर सह्या करून विधानसभेचा सदस्य रॉबर्ट रँडल याला लंडनला पाठवलं आणि ते रद्द करवलं. १८२८ च्या कायद्याने १८२० पूर्वी स्थायिक झालेल्यांना हक्क मिळाले. सरकारी पद भूषवलेलं असणं हाही त्यात एक आधार मानला गेला, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

तरी अमेरिकेतून आलेल्यांबद्दलचा संशय गेला नाही. मॅसॅच्युसेट्समध्ये जन्मलेला मार्शल स्प्रिंग बिडवेल दोनदा विधानसभेचा सभापती झाला. पण लंडनहून सांगूनही वसाहतीचा लेफ्टनंट गव्हर्नर बाँड हेडने त्याला न्यायाधीश नेमलं नाही, उलट स्वतः राजीनामा दिला. कायद्याने प्रजा ठरलेल्या माणसाला नेमणुकीच्या दारात अडवणं हा उघड अन्याय होता.