पाव मापाचं पायपर कब स्वतः आखतोय: स्पार, शेपटीचं वजन आणि इंजिन

पंखपट्टी:

पायपर जे-३ कब या छोट्या विमानाच्या मूळ मापांवरून १:४ रेडिओ-नियंत्रित मॉडेल आखतोय. मूळ पंखविस्तार ३५ फूट ३ इंच, म्हणून माझा २.६९ मीटर. पंखाची रुंदी ४०० मिमी, क्षेत्रफळ साधारण १.०४ चौ.मी., एअरफॉइल (पंखाच्या छेदाचा आकार) मूळचाच यूएसए ३५बी. गाडीत मावावा म्हणून पंख दोन तुकड्यांत. उडतं वजन ८ किलो धरलंय. आजवरची मॉडेल्स दीड मीटरच्या आतली, त्यामुळे काही गोष्टींचा अंदाज येत नाही.

स्पारला (पंखातला लांब मुख्य कणा) वर-खाली ६×१२ मिमी पाइनच्या पट्ट्या पुरतील का? स्ट्रट (धडापासून पंखाला तिरका आधार देणाऱ्या दांड्या) नुसते दिखाऊ ठेवायचा विचार आहे, म्हणजे मैदानावर जोडाजोडी कमी. दुसरं, ३५ सीसी पेट्रोल घ्यावं की इलेक्ट्रिक? आणि नाकात शिसं न भरता सीजी (गुरुत्वमध्य) जागेवर कसा आणायचा?

आडवा_छेद:

दिखाऊ स्ट्रट आणि ६×१२ ही जोडी जमणार नाही. हिशोब करून बघा.

८ किलोवर ६ जी (जोराच्या हालचालीत वजनाच्या सहापट भार) म्हणजे ४८ किलो भार. एका पंखावर २४ किलो, सुमारे २३५ न्यूटन. तो मध्यापासून ५८० मिमीवर एकवटलाय असं धरलं तर मुळाशी मोमेंट (पंख वाकवणारा जोर) १३६ न्यूटन-मीटर. एअरफॉइलची जाडी रुंदीच्या साधारण ११.६ टक्के, म्हणजे ४६ मिमी. दोन पट्ट्यांच्या मध्यांमधलं अंतर ४० मिमी. १३६ ला ०.०४ ने भागा: प्रत्येक पट्टीवर ३४०० न्यूटन. ७२ चौ.मिमी छेदावर हा ताण ४७ मेगापास्कल होतो, आणि सरळ रेषांचं चांगलं पाइनसुद्धा दाबाखाली ३५-४० च्या आसपास चिरडतं. खालची पट्टी ताणात टिकेल; जाईल ती वरची, आणि पंख वरच्या अंगाने मिटेल.

वाटा दोन. पट्ट्या मुळाशी ८×२० करा, मग ताण २२-२३ वर येतो. टोकाकडे ८×८ पर्यंत निमुळत्या करत न्या, नाहीतर वजन उगाच वाढतं. किंवा स्ट्रट खरे करा. मी दुसरी वाट घेईन, कारण मूळ विमानही असंच उभं आहे. स्ट्रट मध्यापासून ७०० मिमीवर लावला आणि कोन २५ अंशांच्या आसपास आला, तर ६ जीला एका बाजूच्या स्ट्रटवर ४५-४७ किलो ताण येतो. त्यामुळे बेचकी प्लास्टिकची नको. दीड मिमी स्टीलची पट्टी, एम-४ बोल्ट, आणि तो स्पारला चिकटवलेल्या कठीण लाकडाच्या ठोकळ्यात, रिबमध्ये (पंखाला आकार देणाऱ्या फासळीत) नाही. मधले छोटे ज्युरी स्ट्रटही ठेवा. आदळत उतरताना किंवा उलट्या जीमध्ये स्ट्रट दाबाखाली येतो आणि लांब सडक दांडी मधेच वाकते.

कुठलीही वाट घेतली तरी दोन पट्ट्यांच्या मध्ये ३ मिमी बाल्साची (हलक्या लाकडाची) वेब, म्हणजे उभी भिंत, हवीच, आणि तिच्या रेषा उभ्या. आडव्या रेषांची वेब लांबीत चिरते, मग दोन पट्ट्या एकमेकींना ओळखत नाहीत. पंखाच्या पुढच्या कडेपासून स्पारपर्यंत वर आणि खाली दीड मिमी शीट लावून डी-बॉक्स (इंग्रजी डी आकाराची पेटी) बंद करा. पीळ तोच थोपवतो.

दोन_स्ट्रोक:

आधी वजनाबद्दल. मूळ कबचं कमाल वजन १२२० पौंड, म्हणजे ५५० किलोच्या जवळपास. १:४ ला ६४ ने भागलं की ८.६ किलो येतात, तेव्हा तुमचे ८ किलो योग्यच. स्टॉल (ज्या वेगाखाली पंख विमान पेलत नाही) १० मीटर/सेकंदाच्या आसपास, ताशी ३६ किमी. १० किलो झालं तर तो ४० च्या वर जाईल. पडणार नाही, पण कबसारखं तरंगत उतरणारही नाही.

सीजीची लढाई शेपटीत जिंकायची. शेपूट सीजीपासून १.१ मीटर मागे, इंजिन जेमतेम ३५-४० सेंमी पुढे. मागे वाढलेल्या १० ग्रॅमला नाकात ३० ग्रॅम द्यावे लागतात. म्हणून बाल्सा वजन करूनच घ्या: ३×१००×९१५ मिमीची शीट ३३ ग्रॅमच्या आसपास असेल तर शेपटीला. ५० ग्रॅमची निघाली तर ती फ्युजलाजच्या (धडाच्या) पुढच्या भागात वापरा. स्टॅब (आडवी शेपटी) आणि रडर (उभं सुकाणू) शीटमधून कापू नका, पट्ट्यांची चौकट करा. सर्वो (सुकाणू हलवणाऱ्या छोट्या मोटर) कॅबिनमध्ये ठेवून रडरला दोन केबल, एलिव्हेटरला (नाक वर-खाली करणाऱ्या पट्ट्याला) कार्बन नळीचा पुशरॉड. पहिल्या उड्डाणाला सीजी पुढच्या कडेपासून १०० मिमी. पुढे ११५-१२० पर्यंत मागे सरकवता येतो.

इंजिन पेट्रोलच. ३५ सीसीवर २०×८ प्रोपेलर. फायरवॉल (इंजिन बसतं ती भिंत) ६ मिमी बर्च प्लाय, कडेने त्रिकोणी पट्ट्या, बांबूच्या खुंट्या, आणि हळू सुकणारं इपॉक्सी. पाच मिनिटांचं इपॉक्सी तिथे नको, तापल्यावर ते मऊ पडतं. थ्रस्ट (इंजिनचा रोख) २ अंश उजवीकडे, ३ अंश खाली. इग्निशनची बॅटरी वेगळी, आणि इग्निशन युनिट रिसीव्हरपासून किमान ३० सेंमी लांब.

आपल्याकडची खास अडचण म्हणजे पंपावरचं ई-२० (२० टक्के इथेनॉलचं) पेट्रोल. ते ओलावा ओढून घेतं आणि कार्ब्युरेटरचा पातळ पडदा कडक करतं. उड्डाण संपलं की टाकी रिकामी करा आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. सिलिकॉन नळी पेट्रोलला अजिबात नाही. फुगते, सैल पडते. टायगॉन (पेट्रोल सोसणारी प्लास्टिकची नळी) वापरा. पेट्रोलला ऑइलचं प्रमाण ३०:१, इंजिन रुळलं की ४०:१.

शांत_मोटर:

पेट्रोलला विरोध नाही, पण शेजारी घरं असलेल्या मैदानावर आवाजावरूनच छंद बंद पडतो. कबला किलोला २०० वॉट भरपूर, म्हणजे १६०० वॉट. १०-एस (ओळीत जोडलेल्या दहा लिथियम सेलच्या) पॅकवर ते साधारण ४३ अँपिअर, तेही फक्त उड्डाण घेताना. सरळ उड्डाणात दहा-बारा. ५००० एमएएच वर १२ मिनिटं आरामात. पॅकचं सव्वा किलो फायरवॉलला टेकवून ठेवलं की शिशाचा प्रश्नही सुटतो. थरथर नसल्यामुळे बोल्ट सैल होणं, सर्वोचे गिअर झिजणं हेही टळतं.

दोघांनीही न सांगितलेलं: एलरॉन (विमान कलवणारे पंखाच्या मागच्या कडेचे पट्टे). या एअरफॉइलला वर-खाली सारखी हालचाल दिली तर नाक उलट बाजूला जातं. वर २ तर खाली १ असं डिफरन्शियल (असमान हालचाल) ठेवा, आणि वळताना रडर हातानेच द्या. प्रत्येक एलरॉनला १० किलो-सेंमीचा स्वतंत्र सर्वो. बिजागरीतली फट टेपने बंद करा. फट आणि लिंकेजमधला ढिलेपणा एकत्र आले की फ्लटर (पट्ट्याची बेफाम फडफड), आणि मग दुरुस्तीला फारसं काही उरत नाही.

नियमांचं: ड्रोन नियम २०२१ प्रमाणे २५ किलोपर्यंतचं, छंदासाठी नजरेच्या टप्प्यात उडवलेलं विमान 'मॉडेल' वर्गात येतं, त्याला टाइप सर्टिफिकेट (त्या बनावटीची सरकारी मंजुरी) लागत नाही. हवाई क्षेत्राचा नकाशा मात्र त्यालाही लागू. ग्रीन झोनमध्ये (परवानगीशिवाय उडवता येणारा भाग) ४०० फूट, विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किमीच्या पट्ट्यात २०० फूट.

पंखपट्टी:

खरे स्ट्रट नक्की. पंख जोडायला पडद्याचा २५ मिमी अॅल्युमिनियम पाइप मिळतोय, चालेल? आणि कापड कोणतं?

आडवा_छेद:

पडद्याचा नको, तो मऊ मिश्रधातू. ६०६१-टी६ घ्या, २५ मिमी बाहेरचा व्यास, दीड मिमी जाडी. स्ट्रट निकामी झाला असं धरून वरचाच १३६ चा मोमेंट लावला तरी ताण २२० मेगापास्कल, आणि हा धातू २७५ पर्यंत कायमचा वाकत नाही. पडद्याचा पाइप त्याच्या निम्म्यावरच वाकायला लागतो.

कापडाला अस्तराचं पातळ पॉलिएस्टर स्वस्त पडतं, पण आधी तुकड्यावर इस्त्री फिरवून बघा. गिरणीतच उष्णता देऊन पक्कं केलेलं असेल तर ते आकसत नाही, आणि सगळा पंख झाकून झाल्यावर हे कळलं तर उपयोग नाही. खालची बाजू आधी ताणा, मग वरची, आणि ताणताना पंख सपाट फळीवर दाबून ठेवा. टोकाला मागची कड ८ मिमी उचललेली हवी. १००-१२५ मिमी रुंदीच्या एलरॉनमुळे हा वॉशआउट (टोकाला मुद्दाम दिलेला पीळ) मोजणं फसवं होतं, म्हणून माप रिबवर घ्या, एलरॉनवर नको.