शित्झूचं पिल्लू किती दिवसांचं आणावं? चवथीआधी (गणेश चतुर्थीआधी) की नंतर?

काजूबोंड (डिचोली)
नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांच्या वाटाघाटींनंतर आईचा विरोध मावळलाय. अट एकच, देवघरात आणि रांदचेकुडीत (स्वयंपाकघरात) कुत्र्याचं पाऊल नको. एकाकडे शित्झूचं पिल्लू बघितलंय, ४० दिवसांचं. विकणारा म्हणतो, एवढं लहान नेलं तरच लळा लागतो, आणि शनिवारपर्यंत पैसे दिले नाहीत तर दुसरं गिऱ्हाईक उभं आहे. चवथ तीन आठवड्यांवर आलीय. मुलीला सुट्टी, आम्हीही घरी, तेव्हा मला वेळ सोयीची वाटते. जाणकारांनी सांगावं.

पांगारा (फोंडा)
नका आणू. ४० दिवस म्हणजे सहा आठवडेसुद्धा नाहीत. आपल्याकडे २०१७ पासून कुत्र्यांच्या पैदाशीचे केंद्राचे नियम आहेत, त्यात आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकायलाच मनाई आहे. पैदास करणाऱ्याला राज्याच्या पशुकल्याण मंडळाकडे नोंदणीही करावी लागते. नोंदणीचा कागद मागून बघा, शनिवारची घाई आपोआप कमी होईल.

दोतोर_न्हय (म्हापसा)
नावाप्रमाणे मी डॉक्टर नाही, पण जनावरांच्या दवाखान्यात बरीच वर्षं हाताखाली काम केलंय. आठ आठवडे ही कायद्याची किमान मर्यादा झाली. शित्झू, चिवावा, माल्टीज, टॉय पूडल यांच्यासाठी माझं मत दहा ते बारा आठवडे. पोमेरेनियनही त्यातच (आपल्याकडे ‘पॉम’ म्हणून विकतात तो बहुतेक वेळा इंडियन स्पिट्झ असतो, तो थोडा दणकट).

कारण सांगतो. एवढ्याशा जिवाच्या यकृतात साखरेचा साठा फारच थोडा असतो. एक-दोन वेळा खाल्लं नाही, गाडीत उलट्या झाल्या, नवीन घरात रात्रभर रडलं, की रक्तातली साखर उतरते. पिल्लू आधी मलूल होतं, मग चालताना झोकांड्या खातं, थरथरतं, शेवटी फिट येते. लोकांना वाटतं दमून झोपलंय. अशा वेळी हिरड्यांना मध किंवा साखरेचं दाट पाणी चोळायचं आणि थेट दवाखाना गाठायचा. बेशुद्ध पिल्लाच्या तोंडात काही ओतायचं नाही, ते फुप्फुसात जातं. बाराव्या आठवड्यापर्यंत पिल्लू नीट घन अन्न खायला लागलेलं असतं, अंगावर थोडं मांस असतं, त्यामुळे हा धोका बराच कमी होतो. आणलंत की दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं खायला द्या. पहिले काही दिवस तो विकणारा जे देत होता तेच. गाईचं दूध नको, जुलाब लागतात.

काजूबोंड
बाप रे. पण शेजाऱ्यांनी लॅब (लॅब्राडोर) ४५ दिवसांचा आणला होता, आता घोड्यासारखा आहे. आणि लळ्याचं काय? तीन महिन्यांचं झालं की ते आम्हाला परकं समजणार नाही ना?

पांगारा
लॅबचं ते वजन आणि शित्झूचं हे वजन! पूर्ण वाढलेला शित्झू चार ते साडेसात किलोंचा.

आमचंच सांगते. सहा वर्षांपूर्वी आम्ही परराज्यातून फोनवर ठरवून पॉम मागवला. ‘४५ दिवस पूर्ण’ म्हणून सांगितलं होतं, दात बघितले तर पुढचे जेमतेम वर आलेले. रात्रभर बसच्या डिकीत टोपलीत आला. तिसऱ्या दिवशी पार्व्हो (पिल्लांचा जीवघेणा जुलाब-उलट्यांचा रोग) निघाला, पाचव्या दिवशी गेला. लळा तर तेवढ्या दिवसांतही लागला होता हो. पुढची कुत्री आम्ही अकरा आठवड्यांची आणली. ती आल्या रात्री नवऱ्याच्या पायाशी झोपली, ती आजतागायत.

दोतोर_न्हय
दातांचं बरोबर. दुधाचे २८ दात साधारण आठव्या आठवड्यापर्यंत येतात, टॉय जातीत थोडे उशिरा. त्यामुळे नुसत्या दातांवरून वय ठरवू नका, पण तीन महिन्यांचं म्हणून सांगितलेल्या पिल्लाचं तोंड निम्मं रिकामं असेल तर समजून घ्या.

लळ्याची चिंता सोडा. पिल्लाचं मन तिसऱ्या आठवड्यापासून बारा-चौदा आठवड्यांपर्यंत नवीन माणसं, आवाज सहज स्वीकारतं. दहाव्या-अकराव्याला आणलंत तरी हाताशी थोडे आठवडे उरतात. उलट किती जोरात चावलं तर समोरचा कळवळतो, हे ते आई आणि भावंडांकडून शिकतं. लवकर तोडलेली पिल्लं मग तुमच्या मुलीच्या बोटांवर शिकतात. मात्र थांबायचं तर पिल्लू आईजवळ, माणसांच्या वावरात असायला हवं. मागच्या पडवीत पिंजऱ्यात एकटं तीन महिने काढलेलं पिल्लू घेऊन काही फायदा नाही.

लसी सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होतात, दर तीन-चार आठवड्यांनी, सोळा आठवड्यांपर्यंत. रेबीजची तीन महिन्यांनंतर. रेबीजविरोधी लसीकरणाची मोहीम गोव्यात २०१४ पासून चालू आहे, गावात पथक येतं तेव्हा तीही लस टोचून घेता येते. लसी पूर्ण होईपर्यंत रस्त्यावर उतरवायचं नाही, कडेवर घेऊन फिरवा.

माटोळी (काणकोण)
वयाचं वरच्यांनी सांगितलं, मी चवथीचं बोलते. त्या दिवसांत घरात किती माणसं असतात? आमच्या मूळ घरी तीस. दार सतत उघडं, फटाके, घुमट-शामेळ वाद्यांचा आवाज, प्रत्येक पोराला पिल्लू उचलायचं असतं. शित्झू सोफ्यावरून पोराच्या हातून निसटला तर पाय मोडतो. आणि घर बंद करून तुम्ही मूळ घरी जाणार असाल तर पिल्लू कुठे ठेवणार? सुट्टी म्हणून तुम्ही तो मुहूर्त धरलाय, पिल्लाच्या दृष्टीने त्याहून वाईट आठवडा नाही. गणपती पोचवा, घर शांत होऊ दे, मग आणा.

अवांतर: चपट्या नाकाचा कुत्रा आहे, गोव्याच्या मे महिन्याचा विचार केलाय ना? दुपारी पंखा लागेल, फिरणं पहाटे.

काजूबोंड
काल जाऊन आलो. नोंदणीचं विचारलं तर ‘कागद भावाकडे आहेत’. आई बघायची म्हटलं तर ‘ती गावी गेलीय’. कुत्री गावी गेलीय! बायकोला गाडीत बसेपर्यंत हसू आवरेना.

पैसे दिले नाहीत. मडगावला दुसरीकडे आठ आठवड्यांची पिल्लं आईसकट बघितली, नोंदणीचा कागद बघितला. बाई स्वतःच म्हणाल्या, अकरा पूर्ण झाल्याशिवाय देत नाही. म्हणजे चवथ मध्येच उरकते. आईला सांगितलं तर म्हणाली, ‘बरं झालं, नेवऱ्या करताना पायांत लुडबुड नको.’

माटोळी
नेवऱ्यांत मनुके घालत असाल तर डबा वर ठेवा. मनुके, द्राक्षं कुत्र्याच्या मूत्रपिंडाला विष आहेत. पिल्लू येईल तेव्हाही निम्मा डबा शिल्लकच असतो आमच्याकडे.