मदत हवी आहे: मुलाखत संपताच रिक्रूटर 'काय काय विचारलं?' म्हणतो, किती सांगावं?

बावधनकर
पुणे, जावा बॅकएंड, ७ वर्षं अनुभव. एका कन्सल्टन्सीमार्फत दुसरी फेरी झाली. अर्ध्या तासात रिक्रूटरचा फोन: पॅनेलवर कोण होतं, कोडिंगचा प्रश्न जसाच्या तसा व्हॉट्सॲपवर पाठवा, शिवाय अजून कुठे मुलाखती चालू आहेत आणि तिथल्या मॅनेजरचं नाव काय. 'सगळेच सांगतात' म्हणे. पुढच्या फेरीची तारीख त्याच्यामार्फतच येणार, म्हणून तोडून बोलता येत नाही. यातलं काय सांगणं रास्त आहे?

निळी शाई
मुलाखत किती वेळ चालली, काम आधी सांगितलं तसंच आहे का, तुम्हाला अजून रस आहे का, हे त्याला कळायलाच हवं. पॅनेलने लग्न-मुलांबद्दल विचारलं असेल तर तेही सांगा, कंपनीच्या एचआरच्या कानावर घालणं त्याचं काम आहे. विषय सांगायलाही हरकत नाही: 'कॉन्करन्सी, एसक्यूएल, एक डिझाइनचा प्रश्न'.

प्रश्न जसाच्या तसा मात्र देऊ नका. तो कशासाठी हवा असतो ते बघा. कन्सल्टन्सीला शुल्क कंपनी देते, सर्रास वार्षिक सीटीसीच्या ८.३३ टक्के, म्हणजे एका महिन्याचा पगार. १८ लाखांच्या जागेला दीड लाख, तेही उमेदवार रुजू झाला तरच. म्हणून तोच रिक्रूटर एका जागेसाठी चार-पाच जण पाठवतो. त्यातलं कोणीही लागलं तरी त्याचं शुल्क बुडत नाही. तुम्ही लिहून दिलेला प्रश्न उद्या तुमच्याच जागेसाठी बसणाऱ्याच्या हातात असू शकतो.

आणि पॅनेलला हे कळतं. उत्तर घडाघडा येतं, पण 'इथला लॉक काढला तर काय होईल?' विचारलं की उमेदवार अडतो. मग त्या कन्सल्टन्सीकडून आलेल्या प्रत्येकाकडे संशयाने बघतात, तुमच्यासकट.

ऑनलाइन टेस्ट झाली असेल तर सुरुवातीला टिक केलेल्या अटी पुन्हा वाचा. 'प्रश्न कोणालाही देणार नाही' हे कलम बऱ्याचदा तिथेच असतं.

मधली सुट्टी
मुलाखतींचे अनुभव लिहायच्या साइटवर प्रश्न पडलेलेच असतात की. मग रिक्रूटरला सांगितल्याने असं काय बिघडतं?

निळी शाई
तिथे लिहिलेलं सगळ्यांना दिसतं, कंपनीलाही. ती प्रश्न बदलू शकते. रिक्रूटरकडे गेलेला प्रश्न फक्त त्याच्या चार उमेदवारांना मिळतो आणि कंपनीला पत्ता नसतो. ज्या कंपनीकडून शुल्क घ्यायचं तिचीच परीक्षा आतून फोडायची, माझा मुख्य आक्षेप याला आहे. (अटींवर टिक केलं असेल तर साइटवर लिहिणंही चूकच.)

उलट बाजूही तपासा. त्याने तुम्हाला आधी 'हे येणार' म्हणून तयार प्रश्न दिले असतील, तर ते तुमच्यासारख्याच कोणाकडून काढलेले असणार. 'हे कंपनीने कळवलंय का?' एवढं विचारा. फेऱ्या किती, कोणते विषय, कोणती भाषा हे कंपनी स्वतःच कळवते, ते बिनधास्त घ्या.

जुनी फाईल
दुसऱ्या कंपन्यांच्या नावांबद्दल. इथे खरा धोका आहे. नाव कळलं की दोन गोष्टी होऊ शकतात. तो त्या मॅनेजरला फोन करून आपले उमेदवार पुढे करतो. किंवा तुमचाच सीव्ही न विचारता तिथे टाकतो. कंपनीच्या सिस्टिममध्ये तुमची प्रोफाइल दोन वाटांनी आली की शुल्क कोणाला द्यायचं हा वाद उभा राहतो, आणि तो टाळायला तुम्हालाच वगळलं जाऊ शकतं.

फेरी आणि तारीख सांगा, नाव नको. सोबत ईमेलवर एक ओळ: 'माझ्या लेखी होकाराशिवाय माझा सीव्ही कोणत्याही कंपनीला पाठवू नये.' २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाही हेच धरून आहे, संमती ज्या कामासाठी दिली तेवढ्यापुरतीच. व्हॉट्सॲपवर नको, ईमेलच करा, नंतर शोधता येतो.

दुसरीकडची ऑफर हातात असेल तर आकडा सांगा, तो खरा सांगा. पत्राचा स्क्रीनशॉट देऊ नका, त्यावर बहुधा गोपनीयतेची ओळ असते.

तारखेची भीती: मुलाखतीचं निमंत्रण कंपनीच्या एचआरच्या ईमेलवरून आलं असेल तर त्यालाच उत्तर देऊन पुढची तारीख विचारा. रिक्रूटरला सीसीत ठेवा, म्हणजे त्याला डावलल्यासारखं होत नाही.

बावधनकर
आभार! हा मसुदा बघाल का? 'मुलाखत ५० मिनिटं चालली. विषय कॉन्करन्सी, एसक्यूएल, सिस्टिम डिझाइन. मला या जागेत रस आहे. कंपनीने मनाई केल्यामुळे प्रश्न सांगू शकत नाही. इतरत्रही प्रक्रिया चालू आहेत.'

जुनी फाईल
दोन ठिकाणी बदल करा. 'कंपनीने मनाई केल्यामुळे' हे खरंच लिहून घेतलं असेल तरच ठेवा. नसेल तर: 'मी मुलाखतीतले प्रश्न कोणालाच देत नाही. तुमच्या इतर क्लायंटचेही देणार नाही.' आणि 'प्रक्रिया चालू आहेत' यावरून त्याला काही करता येत नाही. 'एका ठिकाणी शेवटची फेरी येत्या शुक्रवारी आहे' असं लिहा (खरं असेल तर), ते दाखवून तो तुमच्यासाठी लवकरची तारीख मागू शकतो.