जॉर्डनने सामावून घेतलं, युरोपला जमलं नाही? 'ठाम' यांना उत्तर

वाटसरू

परवा 'ठाम' यांनी इथे लिहिलं की जॉर्डनने लाखो पॅलेस्टिनी निर्वासित घेतले आणि दोन पिढ्यांत ते तिथले व्यापारी, डॉक्टर, बँकवाले झाले. जर्मनीने तुर्क घेतले, फ्रान्सने अल्जेरियन-मोरोक्कन घेतले, आणि त्यांची नातवंडं अजून शाळेत मागे. कारण त्यांच्या मते एकच : भाषा, धर्म, संस्कृती जुळली की माणूस रुजतो, नाही जुळली की नाही. खाली चाळीसेक जणांनी माना डोलावल्या. दोन दिवस गप्प बसलो, आज राहवत नाही.

मी जॉर्डनच्या राजधानीत, अम्मानमध्ये साडेतीन वर्षं काढली आहेत, म्हणून लिहितोय.

आधी कोण आलं ते बघा. १९४८ साली इस्रायल उभं राहताना हैफा, याफा, लिद्द या पॅलेस्टाइनमधल्या शहरांतून जे हुसकावले गेले तो अख्खा समाज होता. त्यात शेतकरी होते, तसे मास्तर, वकील, पेढीवालेही होते. अरब बँक १९३० साली जेरुसलेममध्ये निघाली आणि १९४८ मध्ये तिचं मुख्यालय अम्मानला आलं. म्हणजे निर्वासितांबरोबर बँकसुद्धा आली! पश्चिम जर्मनीने ३० ऑक्टोबर १९६१ ला तुर्कस्तानशी करार केला तो खाणीत आणि कारखान्यात राबणारे हात मिळावेत म्हणून. दात तपासून, छातीला नळी लावून माणसं निवडली. हे राबतील आणि परत जातील असा हिशेब होता. डॉक्टर-वकिलांच्या पोरांची तुलना अनातोलियातल्या भूमिहीनाच्या पोरांशी करायची आणि फरक संस्कृतीच्या नावावर टाकायचा, हा कुठला न्याय?

दुसरं, कागद. जॉर्डनने १९५४ च्या कायद्याने या लोकांना नागरिक करून टाकलं. जर्मनीत १ जानेवारी २००० पर्यंत तुर्क आईबापांचं मूल म्युनिकच्या दवाखान्यात जन्मलं तरी परदेशीच. उलट १९८३ मध्ये 'परत जा' म्हणून साडेदहा हजार मार्क हातावर ठेवायचा कायदा केला.

आणि तिसरं, ज्यासाठी मी लिहायला बसलो. अम्मानच्या उत्तरेला जेराशजवळ एक छावणी आहे. सगळे तिला गाझा छावणीच म्हणतात. १९६७ च्या युद्धानंतर गाझातून आलेले लोक तिथे आहेत. भाषा तीच, धर्म तोच, जेवणसुद्धा तेच. पण यांना नागरिकत्व मिळालं नाही. दोन वर्षांचा तात्पुरता पासपोर्ट, त्यावर नागरिकाला मिळतो तो राष्ट्रीय क्रमांक नाही. सरकारी नोकरी बंद, वकिली बंद, विद्यापीठात ठराविक जागा सोडल्या तर परदेशी विद्यार्थ्याची फी. निम्म्याहून जास्त लोक दारिद्र्यरेषेखाली. जॉर्डनमधल्या पॅलेस्टिनी छावण्यांत सगळ्यात गरीब हीच.

आमच्या हिशेब खात्यात तिथला एकजण होता. कंत्राटावर. दर दोन वर्षांनी पासपोर्टसाठी रजा टाकायचा, आणि तो हातात येईपर्यंत त्याचं कामात लक्ष नसायचं. एकदा घरी घेऊन गेला. पत्र्याचं छप्पर, ते उडू नये म्हणून वर दगड ठेवलेले. मरमिय्याची पानं घातलेला काळा चहा दिला. भिंतीवर थोरल्या मुलीचं बारावीचं गुणपत्रक फ्रेम करून लावलेलं. पुढे काय शिकते विचारलं तर म्हणाला, "शिवण." संस्कृती जुळली होती ना? मग ती मुलगी शिवणावर का बसली, एवढं सांगा.

ठाम

वाटसरू साहेब, भावना पोचल्या. पण एका छावणीवरून तुम्ही माझा अख्खा मुद्दा मोडीत काढताय. जॉर्डनमध्ये निर्वासित म्हणून नोंदलेले पॅलेस्टिनी वीस लाखांच्या वर आहेत आणि बहुतेकांना नागरिकत्व आहे. बहुतेकांवरून बोलायचं की थोडक्यांवरून?

आणि कागदानेच सगळं होत असेल तर फ्रान्सचं काय? तिथे जन्मलेल्याला कागद मिळतो. कित्येक अल्जेरियन कुटुंबांची पोरं जन्मापासून फ्रेंच आहेत. तरी २७ ऑक्टोबर २००५ ला पॅरिसजवळच्या क्लिशी-सू-ब्वामध्ये पोलिसांपासून पळणारी दोन मुलं विजेच्या उपकेंद्रात मेली आणि पुढचे तीन आठवडे देशभर गाड्या जळत होत्या. जाळणाऱ्यांपैकी बहुतेकांकडे फ्रेंच कागद होता. याचं उत्तर द्या, मग जेराशला जाऊ.

दगडफूल

ठाम +१. मी श्टुटगार्टमध्ये अकरा वर्षं आहे. आपली मराठी मुलं बघा, सगळी गिम्नाझियमला, म्हणजे विद्यापीठाकडे नेणाऱ्या वरच्या शाळेत. तुर्कांची मुलं तिसऱ्या पिढीतही खालच्या शाळेत. पालकसभेला येत नाहीत, घरी जर्मन बोलत नाहीत. यात कागदाचा काय संबंध? घरात अभ्यासाचं वातावरण लागतं.

सुरंगी

दगडफूल, तुम्ही इथे ब्लू कार्डवर, म्हणजे पदवीधरांच्या कामाच्या परवान्यावर आलात का? बहुतेक आपण सगळेच तसे आलो. म्हणजे जर्मनीने आपल्याला पदवी बघून निवडलं, आणि तुर्कांना दात बघून. मूळ लेखात तेच तर लिहिलंय. आपली मुलं पुढे गेली यात आपल्या संस्कृतीचा तुरा कसला खोवायचा?

आता घरातली गोष्ट सांगते, कारण मला हा विषय लागतो. आम्ही म्युनिकला. बायर्न या आमच्या राज्यात चौथीच्या मे महिन्यात पुढे कुठल्या शाळेत जायचं याचा दाखला मिळतो. जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास यांची सरासरी २.३३ किंवा त्याहून चांगली, तर गिम्नाझियम. इथे १ म्हणजे उत्तम, त्यामुळे आकडा जितका मोठा तितकं वाईट. दहा वर्षांचं पोर, आणि त्याचं आयुष्य दोन दशांशांवर! माझ्या मुलाला २.६६ आले. आमच्याच जिन्यातल्या तुर्की बाईंच्या मुलीलाही २.६६. मी रात्री जागून नियमावली वाचली तेव्हा कळलं की तीन दिवसांची एक चाचणी देता येते, गिम्नाझियममध्येच बसवून घेतात. नाव नोंदवलं, शिकवणी लावली, पोरगा पास झाला. जिन्यातल्या बाईंना त्या चाचणीचा पत्ताच नव्हता. त्या पहाटे चारला कचेऱ्या साफ करायला जातात, पालकसभेला कुठून येणार? मी त्यांना सांगितलं तेव्हा तारीख उलटून चार दिवस झाले होते. मी आधी का नाही सांगितलं, हे आजही मला टोचतं.

मुलगी हुशार होती, माझ्या मुलापेक्षा कांकणभर जास्तच. रेआलशूलला, म्हणजे मधल्या पायरीच्या शाळेत गेली.

दगडफूल

ताई, नियमावली सगळ्यांसाठी छापलेली असते. तुम्ही वाचली, त्यांनी नाही वाचली. माझाच मुद्दा सिद्ध झाला की.

सुरंगी

काय सिद्ध झालं हो? ती नियमावली सरकारी जर्मनमध्ये होती आणि मला ती वाचायला दोन रात्री लागल्या, एम. टेक. होऊन! पाचवी शिकलेल्या बाईने वाचली नाही म्हणून तिच्या पोरीला शिक्षा? आपल्या आज्या निरक्षर होत्या. त्यांच्या नातवंडांना दहाव्या वर्षी कुणी चाळून वेगळं काढलं असतं तर आपण दोघं आज म्युनिक-श्टुटगार्टला असतो का?

केतकी

मूळ विषय जॉर्डन होता ना? पण सुरंगीशी सहमत. भाऊ डॉर्टमुंडला आहे, तिथेही चौथीनंतरच वाटणी, पण तिथे पालकांचं मत धरतात. प्रत्येक राज्याचा नियम निराळा. पोराचं डोकं तेच, राज्य बदललं की शाळा बदलते.

जुनाजाणता

माझी मुलगी रेआलशूलमधूनच फाखओबरशूलला, म्हणजे पुढच्या व्यवसायाभिमुख शाळेत गेली आणि आज इंजिनिअर आहे. रस्ता बंद होत नाही, लांब होतो. सारखं रडगाणं नको.

सुरंगी

काका, तुमच्या मुलीला दोन वर्षं जास्त लागली तर घर चालवायला तुम्ही होतात. ज्या घरात सोळाव्या वर्षी पगार लागतो तिथे लांबचा रस्ता म्हणजे बंदच.

जुनाजाणता

हे मात्र खरं. मी तो भाग धरला नव्हता.

भरतीओहोटी

शाळेवरून थोडं बाजूला येतो. आम्ही रत्नागिरीचे. वडील १९९० मध्ये कुवेतला होते, इलेक्ट्रिशियन. सद्दामचं सैन्य आल्यावर बगदादमार्गे जॉर्डनच्या सीमेवर पोचले, वाळवंटात तंबूत नऊ दिवस. मग अम्मानहून एअर इंडियाच्या विमानाने मुंबई. तेव्हा पावणेदोन लाखांच्या आसपास भारतीय असेच आणले. वडिलांच्या बरोबरीचे फोरमन पॅलेस्टिनी होते, जॉर्डनच्या पासपोर्टवर. तेही अम्मानला आले आणि तिथेच राहिले. अशी तीनेक लाख माणसं त्या वर्षभरात जॉर्डनमध्ये परतली. बचत घेऊन आले त्यांनी घरं बांधली, दुकानं टाकली. वडील म्हणायचे, त्याच कारखान्यात गाझाच्या कागदावर एक वेल्डर होता. त्याला कुठल्याच सीमेवर धड आत घेईनात. पुढे कुणालाच त्याचा पत्ता लागला नाही.

नंतर संयुक्त राष्ट्रांकडून भरपाई मिळाली. तिचे दावे सरकारांमार्फत लावायचे होते. आमचा अर्ज भारत सरकारने पुढे पाठवला, पैसे आले, त्यातून घराचा वरचा मजला झाला. पाठीशी सरकार असणं म्हणजे काय, ते मला त्या मजल्यामुळे कळतं. म्हणून वाटसरूंचं पटलं.

वाटसरू

भरतीओहोटी, मनापासून आभार. वडिलांच्या आठवणी सविस्तर लिहून ठेवा.

ठाम, फ्रान्सबद्दल. तुमचा मुद्दा बरोबर आहे, आणि लिहिताना मी तो टाळला होता. कागद लागतोच, पण कागद पुरत नाही. शहराबाहेरच्या इमारतींत कोंडलेल्या पोराचा पत्ता अर्जावर बघून साहेब अर्ज बाजूला ठेवत असेल तर कागद खिशातच राहतो.

पण मग जॉर्डनही तसाच धरा. सप्टेंबर १९७० मध्ये सैन्य आणि पॅलेस्टिनी संघटना यांच्यात अम्मानच्या रस्त्यांवर लढाई झाली. त्यानंतर सैन्य आणि सरकारी कचेऱ्या यांत जॉर्डन नदीच्या पूर्व तीरावरच्या मूळच्या टोळ्यांचाच भरणा राहिला आणि पॅलेस्टिनी खाजगी धंद्यात ढकलले गेले. तुम्ही ज्याला 'व्यापारी झाले' म्हणता, त्यातला मोठा हिस्सा दुसरी दारं बंद होती म्हणून झाला. १९८८ मध्ये राजाने पश्चिम तीराशी संबंध तोडले आणि पुढे हजारोंचे राष्ट्रीय क्रमांक काढून घेतले गेले. मतदारसंघ असे आखलेत की पॅलेस्टिनी मोठ्या संख्येने राहतात त्या अम्मान-जर्काच्या मताला खेड्यातल्या मताएवढं वजन नाही. फैसली (पूर्व तीरवाल्यांचा संघ) विरुद्ध वहदात (पॅलेस्टिनींचा) असा फुटबॉल सामना असला की माझे सहकारी पोरांना लवकर घरी बोलवायचे. आणि टॅक्सीत बसलं की पहिला प्रश्न "असलाक मिन वेन?", मूळचा कुठला? तीन पिढ्यांनंतरही! बर्लिनमधल्या तुर्काला तोच प्रश्न जर्मनमध्ये विचारतात.

केतकी

सर्केशियन लोकांचंही लिहा ना. तेही बाहेरून आलेलेच. भाषा निराळी.

वाटसरू

हो, राहिलंच ते. रशियाने कॉकेशसमधून हाकललेले सर्केशियन १८७८ मध्ये अम्मानच्या ओसाड रोमन अवशेषांत येऊन राहिले. त्यांच्यापैकी सईद अल-मुफ्ती १९५० मध्ये पंतप्रधान झाले. संसदेत त्यांना राखीव जागा, राजवाड्यावर पहारा त्यांचा. भाषा अरबी नव्हती, तरी रुजले. कारण राज्य उभं राहिलं तेव्हा ते आधीच तिथे होते आणि राजाने त्यांना जवळ केलं. ठाम, याचा तुमच्या संस्कृतीच्या सिद्धांतात कुठे मेळ बसतो?

ठाम

ते मुसलमान होते, धर्म जुळला. तेव्हा मेळ बसतो. भाषेचं म्हणाल तर तेवढं सोडतो.

जेराशचं मी धरलं नव्हतं, हेही मान्य. पण तुम्ही सगळे एकजात असं बोलताय की संस्कृती नावाची गोष्टच नाही. जॉर्डनमध्ये कामावर जाणाऱ्या बायका शंभरात पंधराच्या आसपास आहेत, जगात सगळ्यात कमी असलेल्या देशांत गणना. तिथे आईवरून मुलाला नागरिकत्व मिळत नाही. गाझावाल्याशी जॉर्डनच्या बाईने लग्न केलं तर पोरं पुन्हा बिनकागदाची. हा नियम कुठून आला? संस्कृतीतूनच ना?

सुरंगी

नियम कायद्यातून आलाय आणि कायदा बदलता येतो. जर्मनीने नाही का बदलला? २७ जून २०२४ पासून तुर्कांना जुना पासपोर्ट न सोडता जर्मन होता येतं, आठ वर्षांच्या जागी पाच. पहिल्या पिढीच्या म्हाताऱ्यांना भाषेची लेखी परीक्षासुद्धा माफ. साठ वर्षं उशिरा का होईना. त्या साठ वर्षांत 'संस्कृती जुळत नाही' हेच ऐकवत होते, तुमच्यासारखेच.

ठाम

मला त्या लोकांच्या रांगेत बसवू नका. माझी भाची म्युनिकला आहे, तिच्या नवऱ्याला नावावरून घर मिळालं नाही, हे मी जवळून पाहिलंय. मी फक्त म्हणतोय की जुळणं सोपं असतं तेव्हा सोपं असतं.

वाटसरू

सोपं जातं, एवढं मी मान्य करतो. लेखात तुम्ही 'कारण एकच' लिहिलं होतं. ते शब्द मागे घ्या, माझं भांडण संपलं.

ठाम

'एकच' मागे घेतो. बाकी लेख तसाच राहील.

दगडफूल

सुरंगी, परवाचं माझं बोलणं जरा जास्त झालं. पालकसभेचं. आमच्या वर्गातल्या एका तुर्की मुलाचे वडील रात्रपाळी करतात, हे मला काल बायकोने सांगितलं. त्या चाचणीची तारीख साधारण कधी असते? आमच्या राज्यात तसं काही आहे का बघतो.

सुरंगी

बायर्नमध्ये दाखला मेच्या सुरुवातीला, नाव नोंदणी त्यानंतर लगेच, आणि चाचणी त्याच महिन्यात. तुमच्याकडचं शाळेत विचारा, दरवर्षी काहीतरी बदलतात. जिन्यातल्या बाईंची धाकटी यंदा चौथीत आहे. त्यांच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर मी नोंदणीच्या दिवसाभोवती लाल गोल काढून आले आहे. त्या दिवशी त्यांच्याबरोबर मी जाणार.